पंचमीची सुकती

ठाणे खाडीत होडीनं फ्लेमिंगो दाखवायला नेणं हा माझा हिवाळ्यातला धंदा. फोनवर पहिला प्रश्न ठरलेला, "दिसतील ना नक्की?" यायची वेळ मात्र लोक आपल्या झोपेवरून ठरवतात. आमची होडी चालवणारे तांडेलकाका ऐरोलीजवळच्या कोळीवाड्यातले. ते मोबाइल न बघता बोटांवर हिशेब करतात: भरतीची वेळ म्हणजे तिथीची पाऊणपट. पंचमी असली की पावणेचारला भरती, दहाला पूर्ण सुकती, म्हणजे ओहोटी.

फेब्रुवारीतल्या अशाच एका पंचमीला, रविवारी, घोडबंदर रोडवरच्या सोसायटीतला ग्रुप होता. बोलावलं होतं सातला. वाटेत मिसळ हाणून मंडळी उगवली सव्वाआठला. काकांनी पाण्याकडे पाहिलं, "अर्ध्या तासान परत फिराचा" असं बजावलं आणि इंजिन सुरू केलं.

थवा दिसल्यावर अर्धा तास कोण मोजतो? "आणखी एकच फोटो" करता करता होडीचा तळ चिखलाला टेकला. काकांनी बांबू रोवून पाहिला आणि सरळ इंजिन बंद केलं. आता भरती येईपर्यंत मुक्काम तिथंच.

आधी कुरकूर झाली. कोणी तटरक्षक दलाला फोन लावा म्हणालं, कोणी पैसे परत मागितले. मी नेहमीची माहिती सुरू केली, 2015 साली अभयारण्य झालं, साधारण 1,690 हेक्टर, 2022 मध्ये पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत नाव आलं. कोणाचं लक्ष नव्हतं. मग आवाज आपोआप खाली आले, कारण पाणी हटत गेलं तसे पक्षी चरत चरत आमच्याच दिशेनं यायला लागले.

इतक्या जवळून मीही क्वचितच पाहिलेत. मान वाकवून चोच उलटी पाण्यात, जीभ झपाझप मागेपुढे. पाणी आत ओढायचं आणि चोचीच्या कडेच्या बारीक झालरीतून बाहेर टाकायचं. आत उरतं ते शेवाळ. गुलाबी रंगही त्यातूनच येतो. एका मुलीनं विचारलं, "ते राखाडी कोण?" ती अजून रंग न चढलेली पिल्लं. या शेवाळाला खत मिळतं ते आपल्याच सांडपाण्याचं, हे मी सांगते तेव्हा लोक हसतात. मला त्यात हसण्यासारखं काही वाटत नाही. त्याच पाण्यातून कारखान्यांचं काय काय येतं, ते शेवाळाबरोबर त्यांच्याच पोटात जातं.

एवढ्यात कॅमेरावाल्या एका साहेबांनी टाळीसाठी हात उचलले. "एकदा उडवू या ना, सगळा थवा फ्रेममध्ये येईल."

काका बसल्या जागेवरून म्हणाले, "जेवान चाललाय त्यांचा. ताटावरशी उठवाचा का कुनाला?"

साहेब ओशाळले. मी कारण सांगितलं: चिखल उघडा असतो दोन भरत्यांमधले काही तासच. तेवढ्यात पोट भरायचं, आणि भरती आली की उभं राहायला उथळ पाणी शोधायचं. अशा जागा नवी मुंबईत नेरूळ-सीवूड्सकडे आहेत, पण त्याही आक्रसताहेत. नेरूळच्या डीपीएस तलावात भरतीचं पाणी येण्याची वाट बुजली आणि 2024 मध्ये तिथं फ्लेमिंगो मेलेले सापडले. पोटभर खाऊन टेकायला जागाच नसेल, तर इथं अभयारण्याची पाटी लावून काय उपयोग?

पावणेअकराच्या सुमारास होडी हलली. भरतीबरोबर थर्माकोल आणि दुधाच्या पिशव्याही आत आल्या. काकांनी हाताला लागतील तेवढ्या पिशव्या उचलून पायाशी टाकल्या. मंडळींपैकी दोघं-तिघं वाकून मदत करू लागले, बाकीचे फोटो पाठवण्यात गुंग.

आता बुकिंगच्या मेसेजमध्ये मी वेळेच्या आधी तिथी लिहिते, आणि खाली: उशिरा आल्यास होडी सुटणार नाही, पैसे परत मिळणार नाहीत. त्यापायी काही बुकिंग जातात. साहेबांनी मात्र पुढच्या रविवारची वेळ विचारली. काकांनी बोटं मोजली, "बारस. नवाला भरती. साडेअकराला या, न मिसल घरशी खाऊन या."