कारेसची 'सपाट' वाट

"वाट सपाट आहे, गप्पा मारत जाल," असं आम्ही उतरलो होतो तिथल्या बाईंनी सांगितलं होतं. त्या स्वतः कारेस नदीच्या घळीत कधी गेल्या असतील, असं मला आता वाटत नाही.

ही घळ ज्या भागात आहे तो अस्तुरियास म्हणजे स्पेनच्या उत्तर किनाऱ्यावरचा प्रांत. रखरखीत स्पेन डोक्यातून काढा. इथे पाऊस, गवत आणि गायी. समुद्रापासून जेमतेम 20 किलोमीटरवर पिकोस दे युरोपा या डोंगररांगेचे चुनखडीचे सुळके अडीच हजार मीटरच्या वर जातात. ओव्हिएदो या तिथल्या राजधानीत दोन दिवस मजेत गेले. असो.

घळीतली वाट पोन्सेबोस आणि काइन या दोन गावांमधली: 12 किलोमीटर, म्हणजे जाऊन येऊन 24. वीजकेंद्राच्या कालव्याच्या देखभालीसाठी कड्यात खोदलेली ही वाट, त्यामुळे मधला भाग खरंच सपाट आहे. पण पोन्सेबोसहून निघाल्यावर आधी सुमारे 300 मीटरचा चढ आहे. सुटी खडी, सावलीचं नाव नाही. सकाळी तो जाणवतही नाही. गाडी लावायला जागा शोधण्यात आम्हाला निघायलाच दहा वाजले. तोच चढ परतताना उतार झाला, तोही टळटळीत उन्हात, वीसेक किलोमीटर चालून आणि पाणी संपल्यावर. गुडघे अजून बोलतात. बायको संध्याकाळपर्यंत बोलत नव्हती.

तेव्हा सातला चालायला लागा. माणशी दोन लिटर पाणी घ्या, काइनपर्यंत मिळणार नाही. कठडे बहुतेक ठिकाणी नाहीत, पण वाट रुंद आहे. सह्याद्रीत फिरलेल्यांनी कड्याची नव्हे, खडीची काळजी करावी. वर शेळ्या असतील तर खाली रेंगाळू नका, दगड येतात. काइनहून टॅक्सीने परतायचा बेत असेल तर सोडा: रस्ता डोंगराला वळसा घालून शंभरेक किलोमीटरचा आहे. भाडं ऐकून मी मुकाट्याने चालू लागलो. खरी मजा, म्हणजे बोगदे आणि पूल, काइनच्या बाजूला आहे. पुन्हा गेलो तर मुक्काम काइनलाच करीन आणि तिथूनच थोडं आत जाऊन परत येईन. नारान्हो दे बुल्नेस हा 2519 मीटरचा सुळका 1904 साली पेद्रो पिदालबरोबर पहिल्यांदा सर करणारा ग्रेगोरिओ पेरेस याच गावचा. त्याला ही वाट सपाटच वाटली असती.

यानेसजवळचा गुल्पियुरी, समुद्र न दिसता कुरणात उगवलेला किनारा, भरतीलाच बघा. आम्ही ओहोटीला गेलो आणि वाळूचा खड्डा बघून आलो.

खाणं मात्र फसवत नाही. गुहेत मुरवलेलं काब्रालेस चीज उग्र आहे, आधी चिमूटभर घ्या. पांढऱ्या घेवड्याची फाबादा शाकाहारी दिसते, पण तिच्यात डुकराचं मांस असतं. सिद्रा ही सफरचंदाची दारू हात डोक्यावर नेऊन, टपरीवरच्या चहासारखी उंच धार धरून ओततात. घोटभरच ओततात आणि ती लगेच प्यायची. काचोपो म्हणजे मांसाच्या दोन पातळ कापांमध्ये हॅम आणि चीज घालून, पावाचा चुरा लावून तळलेला ऐवज. दोघांत एक मागवा. आम्ही भुकेने दोन मागवले.