मोजमाप पुस्तिकेतील शेवटची नोंद

५ ऑक्टोबर २०१९ हा शनिवार होता. विधानसभेच्या निवडणुकीसाठी आलेल्या अर्जांची छाननी त्या दिवशी राज्यभर होणार होती, आणि आमच्या तहसील कार्यालयाच्या सभागृहात मी एका उमेदवाराचा सूचक म्हणून, मांडीवर फाइल घेऊन, दुसऱ्या रांगेत बसलो होतो. उमेदवार, त्याचा निवडणूक प्रतिनिधी, एक सूचक आणि लेखी अधिकार दिलेली आणखी एक व्यक्ती एवढ्यांनाच छाननीच्या वेळी आत बसता येते. ती चौथी व्यक्ती म्हणजे आमचे वकील होते. खरे तर सूचक म्हणून अर्जावर सही करायला मतदारसंघातला कोणताही मतदार चालला असता. परंतु ज्या फाइलवर सगळे अवलंबून होते तिच्यातले कागद मलाच ठाऊक असल्यामुळे अण्णांनी माझी सही घेतली होती.

अण्णा म्हणजे माझे अशील. सनदी लेखापाल म्हणून त्यांचे हिशेब मी बारा वर्षे पाहत होतो. एका जुन्या ट्रकवर खडी वाहण्यापासून त्यांनी सुरुवात केली, पुढे सार्वजनिक बांधकाम विभागाकडे कंत्राटदार म्हणून नोंदणी केली आणि तालुक्यातील निम्मे रस्ते त्यांच्या रोलरखालून गेले. जून महिन्यात त्यांनी मला बोलावून सांगितले की पक्षाचे तिकीट जवळपास नक्की आहे, तेव्हा ‘कागद साफ करून ठेवा.’ कागद साफ करणे म्हणजे आयकराची थकबाकी भरणे, असा त्यांचा समज होता.

लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ मधील कलम ९अ मी त्यांना त्याच दिवशी वाचून दाखवले. आपल्या व्यवसायाच्या ओघात शासनाला माल पुरवण्याचा किंवा शासनाने हाती घेतलेले काम पार पाडण्याचा करार ज्याने केला आहे, तो करार अस्तित्वात असेतोवर ती व्यक्ती अपात्र ठरते. विधानसभेच्या उमेदवाराच्या बाबतीत शासन म्हणजे राज्य शासन. हा नियम नुसता पुस्तकात पडून राहिलेला नाही. पहिल्याच सार्वत्रिक निवडणुकीत भंडाऱ्याहून लोकसभेवर निवडून आलेल्या एका बिडी व्यापाऱ्याची निवड, त्याची भागीदारी संस्था सैनिकांसाठी सरकारला बिड्या पुरवत होती म्हणून, सर्वोच्च न्यायालयाने १९५४ मध्ये अवैध ठरवली होती. तेव्हाचे कलम आजच्यापेक्षा व्यापक होते. १९६६ च्या दुरुस्तीने ते आजच्या रूपात आले.

अण्णांच्या नावावर नऊ कामे निघाली आणि आम्ही दोघांनी ती एकेक करून चाळली. जिल्हा परिषदेची चार कामे बाजूला काढली, कारण स्थानिक स्वराज्य संस्था म्हणजे राज्य शासन नव्हे. पाटबंधारे महामंडळाच्या एका कामावर मी दोन रात्री घालवल्या. अखेर सर्वोच्च न्यायालयाचा २००६ सालचा, महाराष्ट्रातल्याच प्रकरणातला निकाल हाती आला. शासनाने कायद्याने स्थापन केलेले महामंडळ हे या कलमापुरते राज्य शासन होत नाही, असे त्यात म्हटले होते. वहिनींच्या नावावरील दगडाच्या खाणपट्ट्याचीही मला धास्ती होती, कारण पर्यायी उमेदवार म्हणून त्यांचाही अर्ज भरायचा होता. हरियाणातील एका आमदाराच्या प्रकरणात २००१ मध्ये झालेल्या निकालाने ती धास्ती मिटवली. खाणपट्टा हा माल पुरवण्याचा करारही नव्हे आणि काम पार पाडण्याचा करारही नव्हे.

राहिली बांधकाम विभागाची चार कामे. त्यांपैकी तीन पूर्ण होऊन त्यांची अंतिम देयकेही निघाली होती. चौथे काम सहा किलोमीटरच्या एका ग्रामीण रस्त्याचे होते. डांबरीकरण मे महिन्यातच संपले होते; साइडपट्ट्यांचा मुरूम तेवढा टाकायचा राहिला होता आणि पावसाने तो राहूनच गेला. ‘काम सोडतो, असे पत्र देतो,’ अण्णा म्हणाले. मी त्यांना समजावले की एकतर्फी पत्राने करार संपत नाही, समोरच्या पक्षाने तो सोडून द्यावा लागतो. त्यापेक्षा काम पुरे करणे सोपे होते. करार कंत्राटदाराकडून पूर्णपणे पार पडला असेल, तर केवळ शासनाने आपला वाटा म्हणजे पैसे दिले नाहीत एवढ्यावरून तो अस्तित्वात आहे असे मानायचे नाही, असे त्याच कलमाचे स्पष्टीकरण सांगते. बिल थकल्याचा आनंद मानणारा कंत्राटदार मी त्या दिवशी प्रथमच पाहिला.

पुढे तिकिटाची धावपळ, मेळावे आणि लांबलेला पाऊस यांत मुरूम मागे पडला. तो सप्टेंबरच्या शेवटी पडला. पूर्णत्वाचा दाखला ३ ऑक्टोबरच्या तारखेने निघाला, आणि ४ तारखेला, म्हणजे शेवटच्या दिवशी, अर्ज दाखल झाला. त्या रात्री मोजमाप पुस्तिकेच्या, म्हणजे झालेले काम मोजून अभियंता ज्यात नोंदवतो त्या वहीच्या, प्रती लावताना शेवटच्या नोंदीची तारीख मी पहिल्यांदा नीट वाचली. २ ऑक्टोबर. गांधी जयंती. सुट्टीच्या दिवशी अभियंत्याने शिवारात जाऊन मुरूम मोजू नये असा काही नियम नाही, आणि निवडणुकीच्या धामधुमीत अनेक कार्यालये सुट्टीलाही उघडी असतात. हे मी स्वतःला दोनदा सांगितले. वकिलांना काहीच सांगितले नाही.

छाननीत वहिनींचा पर्यायी अर्ज अण्णांच्या अर्जानंतर यायचा होता. अण्णांचा अर्ज पुकारताच प्रतिस्पर्ध्याचे वकील उठले. त्यांच्या हाती बांधकाम उपविभागाचे सप्टेंबरमधले एक पत्र होते. दोषदायित्व कालावधी, म्हणजे काम बिघडल्यास कंत्राटदाराने ते दुरुस्त करून देण्याची मुदत, दोन वर्षांचा असल्याने रस्त्यावर पडलेले खड्डे कंत्राटदाराने स्वखर्चाने भरावेत, असे ते पत्र म्हणत होते. युक्तिवाद सरळ होता, आणि मला तो आजही भक्कम वाटतो. ज्या करारान्वये शासन या माणसाला आजही कामाला लावू शकते, तो करार संपला कसा म्हणायचा?

हरकतीला उत्तर देण्यासाठी निवडणूक निर्णय अधिकारी छाननीच्या दिवसानंतर दोन दिवसांपर्यंतची मुदत देऊ शकतात. तुम्हाला मुदत हवी आहे का, असे त्यांनी विचारलेही. आमच्या वकिलांनी नको म्हणून सांगितले. मला ते धाडस वाटले. पण नंतर त्यांनी कारण सांगितले तेव्हा पटले. दोन दिवस जितके आपल्याला मिळाले असते तितकेच समोरच्यालाही मिळाले असते, आणि शोधायला जागा त्याच्याकडे अधिक होती.

मग मी फाइल पुढे दिली. दाखला वाचला गेला. दोषदायित्व ही केलेल्या कामाची हमी आहे, करायचे राहिलेले काम नव्हे, अशी आमची बाजू वकिलांनी मांडली. अधिकारी मोजमाप पुस्तिकेच्या प्रती सावकाश चाळत होते. शेवटच्या पानावर त्यांचे बोट थांबले आणि त्यांनी मान वर करून, वकिलांकडे न पाहता, माझ्याकडे पाहिले.

‘ही नोंद २ तारखेची आहे?’

‘होय, साहेब.’

‘मोजमाप त्याच दिवशी झाले?’

‘नोंदीत तसे आहे, साहेब.’

मी दिलेले उत्तर खोटे नव्हते. ते उत्तरही नव्हते, आणि हे त्यांच्या लक्षात आले असावे असे मला वाटते. समोरच्या वकिलांचे सगळे लक्ष खड्ड्यांच्या पत्रावर होते; तारखेचा धागा त्यांनी उचललाच नाही. अपात्रता छाननीच्या दिवशीच्या स्थितीवरून ठरते आणि छाननीतील चौकशी संक्षिप्त असते, साक्षीपुराव्यांचा खटला तिथे चालवता येत नाही, अशा आशयाची कारणे नोंदवून अधिकाऱ्यांनी दुपारी अडीचच्या सुमारास अर्ज मंजूर केला. बाहेर गुलाल उधळला गेला. अण्णांनी माझा हात दाबला आणि विचारले, ‘साहेब तुमच्याकडे काय बघत होते?’ मी म्हणालो, ‘तारीख विचारत होते.’ त्यांनी पुढे काही विचारले नाही. बहुधा त्यांना ते ठाऊक होते.

२४ ऑक्टोबरला अण्णा थोड्या मतांनी निवडून आले. निकालापासून ४५ दिवसांच्या आत उच्च न्यायालयात निवडणूक याचिका दाखल करता येते आणि अर्ज चुकीने स्वीकारला गेला हा तिचा आधार होऊ शकतो, म्हणून डिसेंबरचा पहिला आठवडा मी जीव मुठीत धरून काढला. याचिका आली नाही. का आली नाही याची गोष्ट वेगळी आहे आणि ती सांगण्याचा अधिकार माझा नाही.

आमदार म्हणून अण्णांनी काय केले, हे सांगताना मला दोन्ही बाजू दिसतात. अंदाजपत्रक वाचता येणारा आमदार अधिकाऱ्यांना जड जातो. एका बैठकीत त्यांनी पुलाच्या कामातील खोदाईचे परिमाण दरसूची न उघडता चुकीचे ठरवले आणि ते खरोखर फुगवलेले निघाले. त्याचबरोबर, निवडून आल्याच्या वर्षभरातच धाकट्या भावाने नवी कंत्राटदार संस्था काढली. तिची नोंदणी मीच करून दिली. अपात्रतेचा कायदा उमेदवाराच्या स्वतःच्या करारापाशी थांबतो. स्वतःच्या पायावर उभा असलेला भाऊ त्याच्या कक्षेत येत नाही. ही पळवाट मी शोधलेली नाही, पण ती दाखवण्याची फी मी घेतली आहे.

२०२४ मध्ये अण्णांचे नमुना २६ मधील शपथपत्र पुन्हा मीच तयार केले. शासनाशी असलेल्या करारांच्या रकान्यांत उमेदवार, जोडीदार, अवलंबित, हिंदू अविभक्त कुटुंब, भागीदारी संस्था, खासगी कंपनी असे एकेक विचारले जाते, आणि रकाना कोरा ठेवून चालत नाही. मी प्रत्येक ठिकाणी ‘निरंक’ लिहिले. अण्णांनी चष्मा लावून प्रत्येक ‘निरंक’वर बोट ठेवत पान वाचले आणि सही केली.

३० ऑक्टोबरच्या छाननीत सभागृह तेच होते, अधिकारी नवे होते. हरकत आली नाही. आमचा अर्ज चार मिनिटांत मंजूर झाला. रस्त्याची ती जुनी फाइल मी सकाळी निघताना पिशवीत घातली होती. दोषदायित्व कालावधी केव्हाच संपला होता आणि सुरक्षा ठेवही परत आली होती, त्यामुळे तिचे तिथे काहीच काम नव्हते. घरी परतल्यावर मी ती पुन्हा कपाटात ठेवली.