निगेटिव्ह आलंय तर इंजेक्शन कशाला?

मी लातूरकडच्या एका सरकारी दवाखान्यात आयसीटीसीला, म्हणजे एचआयव्ही तपासणी केंद्रात, काउन्सेलर आहे, तपासणीआधी आणि नंतर माणसाशी बोलायचं हे माझं काम. ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक गोष्टी बदलून लिहितेय.

सुरुवात रक्तदान शिबिरापासून झाली. रक्ताच्या प्रत्येक पिशवीची एचआयव्ही, कावीळ बी, कावीळ सी, सिफिलीस आणि मलेरिया एवढी तपासणी रक्तपेढीला करावीच लागते, बऱ्याच पोरांना हे माहीतच नसतं. बीएस्सीच्या एका पोरानं कॉलेजात रक्त दिलं आणि काही दिवसांनी त्याला फोन आला की येऊन भेट. फोनवर काय निघालं ते सांगत नाहीत आणि सांगूही नये, पण यानं मनात धरलं की आपल्याला एड्स झाला, फोन बंद केला आणि रूमवर पडून राहिला, मेसला सुद्धा जाईना. शेवटी रूम पार्टनर हाताला धरून घेऊन आला.

एचआयव्ही नव्हताच, सिफिलीस होता, म्हणजे शरीरसंबंधातून पसरणारा एक गुप्तरोग. खोदून विचारल्यावर आठवलं, दोन-एक महिन्यामागं खाली एक फोड आला होता, दुखत नव्हता, मेडिकलवरून गजकर्णाची ट्यूब आणून लावली आणि गेला. ट्यूबनं नाही गेला. सिफिलीसची पहिली जखम बहुतेक वेळा दुखत नाही आणि तीन ते सहा आठवड्यांत आपोआप भरते, काहीच केलं नाही तरी, आणि जंतू मात्र आत राहतो. जखम भरली की माणूस बेफिकीर होतो, मला या आजारात सगळ्यात जास्त भीती त्याचीच वाटते.

त्याला इंजेक्शन दिलं, आणि मी म्हटलं, आता जिच्यासोबत संबंध आलेत तिला सांगायला लागतं बाळा, तिचं नाव मला नको, तूच सांग. लई वेळ गप्प बसला. पण त्यानं सांगितलं. मला त्या पोराचं खरंच कौतुक आहे, चाळिशीतली लग्न झालेली माणसं बायकोला सांगत नाहीत.

दोन दिवसांनी तोंडाला स्कार्फ बांधलेल्या दोन पोरी आल्या, त्या पोरानं जिला सांगितलं ती आणि तिची मैत्रीण. बोलणारी एक आणि रडणारी दुसरी. त्या आधी एका खाजगी दवाखान्यात जाऊन आल्या होत्या, तिथं पहिला प्रश्न, लग्न झालंय का, आणि मग आईला घेऊन ये. वीस वर्षांची पोरगी! अठरा पूर्ण झालेल्या माणसाला तपासणीसाठी कुणाचीच परवानगी लागत नाही, स्वतःची संमती पुरते. ते ऐकून मला जो राग आला तो अजून गेला नाही, कारण अशी परत गेलेली पोर पुन्हा कुठल्याच दवाखान्याची पायरी चढत नाही.

मैत्रिणीला बाहेर बसवलं. काही गोष्टी जिवाभावाच्या मैत्रिणीसमोर पण विचारायच्या नसतात, पाळी कधी आली होती, अजून कुणाशी संबंध आलेत का. ती म्हणली, "मॅडम, माझी काकू गावात आशा हाय, तिला कळंल का? लई भ्या वाटायलंय." मी तिला सांगितलं की रिपोर्ट तुझ्याच हातात मिळणार, गावाला काही जात नाही, आणि एचआयव्हीची माहिती गुप्त ठेवायची हा तर कायदाच आहे, 2017 चा, 10 सप्टेंबर 2018 पासून लागू झालेला. मग हळूच म्हणली, हॉस्टेलच्या बाथरूममधून झालं म्हणलं तर चालंल का? नाही गं, बाथरूममधून नाही होत. पण घरी काय सांगायचं ते तू ठरव, मी कुणाला काही सांगणार नाही.

तिला फक्त एचआयव्हीची टेस्ट पाहिजे होती. सगळी पोरं तेवढीच मागतात, आणि ती निगेटिव्ह आली की सगळंच निगेटिव्ह समजतात. तिच्या एचआयव्ही, सिफिलीस, कावीळ बी आणि प्रेग्नन्सी अशा सगळ्या टेस्ट केल्या. प्रेग्नन्सी कशाला म्हणून ती चिडली, तर सांगितलं की सिफिलीस आईकडून पोटातल्या बाळाला जातो म्हणून आधी बघावं लागतं.

सगळं निगेटिव्ह आलं. ती उठून पर्स घेऊन निघालीच होती आणि डॉक्टर म्हणाले की इंजेक्शन घ्यायचंय. तिचा चेहराच पडला, निगेटिव्ह आलंय तर इंजेक्शन कशाला, तुम्ही खोटं बोलायलात काय! बरोबर होतं तिचं. मी परत बसवलं. टेस्टमध्ये जंतू दिसत नाही, जंतूविरुद्ध अंगात जे तयार होतं ते दिसतं आणि ते तयार व्हायला काही आठवडे लागतात, तुमचा शेवटचा संबंध महिन्याच्या आतला, म्हणजे लागण झाली असली तरी आज टेस्ट निगेटिव्ह दाखवू शकते. म्हणून गेल्या नव्वद दिवसांत संबंध आलेल्या जोडीदाराला रिपोर्ट कसाही असो, औषध देऊनच टाकतात. "पण आम्ही निरोध वापरला होता की," ती म्हणली. निरोधनं धोका बराच कमी होतो, पण सिफिलीसची जखम निरोध जिथं झाकत नाही तिथं पण असू शकते.

पेनिसिलीनचं आधी कधी रिअ‍ॅक्शन आलंय का विचारलं आणि बेंझाथिन पेनिसिलीन, 24 लाख युनिट, कमरेत. दुखतं ते, चांगलंच दुखतं, दोन दिवस बसता येत नाही, हे मी आधीच सांगून ठेवते. अर्धा तास थांबवून घेतलं. मैत्रीण तिच्या पाठीवर हात फिरवत बसली आणि मधेच मला म्हणली, "मॅडम, माझी पण करता का?" तिची पण केली.

तीन महिन्यांनी परीक्षेच्या गडबडीत ती परत आली, एचआयव्ही आणि सिफिलीस दोन्ही पुन्हा निगेटिव्ह. कावीळ बीची लस तिनं घेतलेली नव्हती, त्याचे तीन डोस असतात, शून्य, एक आणि सहा महिन्यांनी, दोन झालेत. पोराचं टायटर, म्हणजे जंतूविरुद्ध रक्तात जे तयार होतं त्याचं प्रमाण, 1:32 होतं ते 1:8 वर आलंय, म्हणजे औषध लागू पडलंय, तरी त्याला मी अजून सोडलेलं नाही, पुढची तारीख त्याच्या मोबाईलमध्ये माझ्यासमोरच टाकायला लावली.