केबिनमधून 'आगिरे'

फिल्म सोसायटीच्या खेळासाठी जर्मन दिग्दर्शक हेर्झोगच्या 'आगिरे' या सिनेमाची ३५ मिमी प्रिंट आली. डबा उघडून फिल्म उजेडात धरली तर चौकट १.३७ची, म्हणजे रुंदी उंचीच्या १.३७ पट. आमच्या प्रोजेक्टरच्या केबिनमध्ये प्लेटा, म्हणजे फिल्मवर पडणारा उजेड चौकटीपुरता अडवणारे भोकाचे पत्रे, दोनच: १.८५ची फ्लॅट आणि त्याहून रुंद चित्राची स्कोप.

"फ्लॅटवरच चालवा हो. थोडं कापलं तर कुणाला कळतंय?" आयोजक म्हणाले. जागतिक सिनेमावर तासभर बोलणारी माणसं ही!

थोडं म्हणजे किती? १.३७च्या प्लेटची उंची १५.२४ मिमी, १.८५ची ११.३३. पाव चित्र गेटमध्येच, म्हणजे फिल्म दिव्यासमोरून सरकते तिथेच, अडतं. खालच्या सबटायटल्स जातात. त्या दिसाव्यात म्हणून फ्रेमिंगची मूठ फिरवून चित्र वर घेतलं, की माणसांची डोकी उडतात. आणि हा १९७२चा सिनेमा उभाच आहे उंचीवर. पहिल्याच दृश्यात पेरूमधल्या अँडीजच्या कड्यावरून, ढगांतून, माणसांची मुंग्यांसारखी रांग उतरत येते. वरचा डोंगर आणि खालची दरी छाटली, तर पुढचं आगिरेचं वेड कशावर उभं राहणार?

नुसती उंच प्लेट घालून भागत नाही. फ्लॅटच्या लेन्सनं चित्र पडद्याच्या उंचीच्या १.३५ पट होतं, छतावर आणि स्टेजवर सांडतं. फ्लॅटला ५० मिमीची लेन्स असेल, तर १.३७ला ६७ची हवी. ती कोण घेऊन ठेवतो? पण स्कोपचा ॲनामॉर्फिक, म्हणजे चित्र आडवं ताणणारा पुढचा भाग, सुटा निघत असेल, तर मागची मूळ लेन्स कामाला येते. पडद्याची उंची तीच ठेवून स्कोपच्या प्लेटची १७.५३ मिमी उंची बसवायची असते, म्हणून ती जवळपास ७७ची असते. चित्र पडद्याच्या उंचीच्या ८७ टक्के भरतं, पण पूर्ण.

प्लेट मात्र स्कोपची चालत नाही, दोन फ्रेममधली काळी रेघ दिसते. कोरी प्लेट कानशीनं घासली. केबिन उंचावर असली की चित्र खाली पसरतं, म्हणून थोडं घासायचं, दिवा लावून पडद्यावर बघायचं, पुन्हा घासायचं. कडेला बारीकशी कुसळं राहिली, तर प्रिंटवर ओरखडा ठरलेला. शेवटी पडद्याच्या बाजूचं काळं कापड, म्हणजे मास्किंग, आत ओढलं. वरखाली पडदा उघडाच राहिला, त्याला इलाज नव्हता.

खेळानंतर तक्रार आली, "चित्र एवढंसं का?" ती मी सोडून दिली. दुसरी सोडता येत नाही: या लेन्सनं सबटायटल्सची अक्षरंही फ्लॅटच्या दोन-तृतीयांश झाली आणि मागच्या रांगांना ती वाचता आली नाहीत. डोंगर अख्खा दिसला, संवाद गेले. मागच्या तीन-चार रांगा बंद ठेवायला हव्या होत्या का? आयोजक त्याला तयार झाले नसते.

आता हेर्झोगचाच 'फित्झकराल्डो' ठरतोय. त्यात ३२० टनांची बोट खरोखर डोंगरावरून ओढून नेली. चौकट १.८५ची, केबिनमध्ये काहीच हलवायला नको.