जॉब यशस्वी, कंपायलर मात्र जुनाच

आमच्या विभागाच्या क्लस्टरवर (एकत्र जोडलेल्या संगणकांवर) आल्मालिनक्स ८ ही ऑपरेटिंग सिस्टिम आहे आणि तिचा मूळ कंपायलर, म्हणजे कोडपासून चालणारा प्रोग्राम बांधणारे साधन, जीसीसी ८.५. संशोधकांच्या मागणीवरून त्याच्या जोडीला जीसीसी १२ देणारा जीसीसी-टूलसेट-१२ बसवला. तो ‘/ऑप्ट/आरएच’खाली स्वतंत्र राहतो आणि पाथमध्ये (आज्ञा जिथे शोधल्या जातात त्या फोल्डरांच्या यादीत) आपणहून येत नाही, म्हणून इन्स्टॉल झाल्यावरही ‘जी++’ या सी++ कंपाइल करण्याच्या आज्ञेच्या नावाला जुनाच कंपायलर ओ देतो. ही रचना मला पूर्णपणे योग्य वाटते. ‘/यूएसआर/बिन’मधली लिंकच नव्याकडे वळवून टाका, असे सर्रास सुचवले जाते, पण कर्नलची (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याची) मॉड्यूल्स ज्या कंपायलरने बांधायची, त्याच्याशी असा खेळ करणे बेजबाबदारपणाचे आहे.

पीएचडीची एक विद्यार्थिनी तक्रार घेऊन आली. “सर, लॉगिन नोडवर कोड कंपाइल होतो, पण जॉबमध्ये ‘-एसटीडी=सी++२०’ हा पर्यायच ओळखत नाही म्हणतो.” लॉगिन नोडवर आपण थेट आज्ञा टाइप करतो, जॉब मात्र रांगेतून आपोआप चालतो. जीसीसी ८ ला सी++ची २० ही आवृत्ती मागणारा हा पर्याय या नावाने ठाऊक नाही, त्यामुळे संशय लगेच पाथवर गेला. तिच्या जॉब स्क्रिप्टमध्ये ‘एससीएल इनेबल जीसीसी-टूलसेट-१२ बॅश’ ही ओळ होती आणि त्याखाली ‘मेक’ ही कोड बांधणारी आज्ञा. टर्मिनलवर ही ओळ चालते, कारण ती नव्या पाथसह दुसरा शेल (आज्ञा वाचून चालवणारा प्रोग्राम) उघडते आणि पुढच्या आज्ञा आपण त्याच शेलमध्ये टाइप करतो. जॉबची रांग सांभाळणाऱ्या स्लर्मच्या जॉबमध्ये मात्र स्टँडर्ड इनपुट ‘/डेव्ह/नल’ला, म्हणजे कायम रिकाम्या फायलीला, जोडलेला असतो, उघडलेल्या शेलला वाचायला काहीच मिळत नाही, तो तत्क्षणी बंद होतो आणि ‘मेक’ मूळच्या शेलमध्ये, मूळच्या पाथने चालते. शेल असा बंद झाल्याची एरर कुठेही येत नाही. तिथे ‘सोर्स /ऑप्ट/आरएच/जीसीसी-टूलसेट-१२/इनेबल’ हवे होते, म्हणजे बदल चालू शेलमध्येच झाला असता.

दुरुस्ती एका ओळीची होती. अस्वस्थ करणारी गोष्ट त्यानंतर निघाली. त्याआधी ती सी++१७ वापरत होती, जे जीसीसी ८ निमूटपणे स्वीकारतो, आणि प्रबंधाच्या मसुद्यात तिने ‘जीसीसी १२’ असे लिहिले होते. आम्ही तिच्या जुन्या बायनरींवर (कंपाइल होऊन तयार झालेल्या प्रोग्राम फायलींवर) ‘रीडएल्फ -पी .कॉमेंट’ चालवले; त्यात कंपायलरच्या आवृत्तीची नोंद दिसते. इथे जपून वाचावे लागते: सिस्टिमच्या स्टार्टअप ऑब्जेक्ट फायली मूळ जीसीसीने बांधलेल्या असल्याने ८.५.० ची नोंद नव्या कंपायलरच्या बायनरीतही सापडते. तिच्या बायनरींमध्ये नव्या कंपायलरची, म्हणजे १२.२.१ ची, नोंद कुठेच नव्हती; त्या सगळ्या जुन्यानेच बांधल्या होत्या.

ही स्क्रिप्ट तिला एका सीनियरकडून मिळाली होती, त्यालाही कुणाकडून तरी. मी इतरांच्या स्क्रिप्ट तपासल्या तेव्हा तीच ओळ वारंवार दिसली. विभागाच्या नमुना स्क्रिप्टमध्ये आता ‘सोर्स’ची ओळ आणि तिच्यामागे ‘जी++ --व्हर्जन’ घातले आहे, म्हणजे प्रत्येक जॉबच्या लॉगमध्ये आवृत्तीची नोंद राहील. तिच्या मार्गदर्शकांनी सर्व रन पुन्हा करायला सांगितले. बाकीच्यांच्या मार्गदर्शकांना मी सविस्तर कळवले आहे, पण छापून आलेल्या निबंधांतील कंपायलरची नोंद दुरुस्त करण्याबाबत त्यांच्यापैकी कुणीही अजून काही ठरवलेले नाही.