पन्नासातली दोन बोटं

कोलकात्याच्या पहिल्या तीन दिवसांबद्दल सांगण्यासारखं काही नाही. व्हिक्टोरिया, हावडा ब्रिज, कॉलेज स्ट्रीट, सगळं रीतसर उरकलं आणि चिकट उकाड्याने वैताग आणला. चौथ्या दिवशी सकाळी मेट्रोने शोभाबाजार-सुतानुटीला उतरले आणि विचारत विचारत कुमारटुलीत, मूर्तिकारांच्या वस्तीत, पोचले. जे काही घडलं ते तिथे, दोन तासांत.

बोनोमाली सरकार स्ट्रीट असं भारदस्त नाव असलं तरी ती गल्लीच. दोन्ही बाजूंना कारखाने, वर प्लास्टिकचे कागद, आत बिनडोक्याच्या दुर्गा. बांबूच्या सांगाड्यावर पेंढा सुतळीने आवळून बांधायचा, त्यावर भाताचं तूस मिसळलेली माती, मग बारीक मातीचा हात. सुकताना भेगा पडल्या की मातीत भिजवलेल्या कापडाच्या पट्ट्या चिकटवायच्या. पूजेला महिना उरलेला आणि पाऊस काही थांबत नव्हता, त्यामुळे एक जण ब्लोटॉर्चने महिषासुराची छाती वाळवत होता. त्याच असुराच्या दंडाला दोरी बांधून कुणीतरी लुंगी वाळत घातलेली. पलीकडे नळावर एक काका अंगाला साबण लावून उभे. माणसं राहतातही तिथेच.

आणि या सगळ्यात कॅमेरे! २०२१ मध्ये कोलकात्याच्या दुर्गापूजेला युनेस्कोच्या यादीत मान मिळाला, याचा आनंद आहेच. पण लाल काठाची पांढरी साडी नेसलेली एक मुलगी अर्ध्या घडलेल्या देवीसमोर पोझ देत होती आणि तिचा फोटोग्राफर कारागिराला म्हणत होता, ‘दादा, ज़रा साइड में.’ त्याच्याच कारखान्यात! मी मनातल्या मनात भरपूर शिव्या घातल्या. आपण त्यातले नाही, अशी माझी खात्री होती. लहानपणी मे महिन्याची सुट्टी पेणला मावशीकडे जायची, शेजारीच गणपतीचा कारखाना. ‘ओल्या मूर्तीकडे पाठ करायची नाही’ हे तिथल्या काकांनी कान पिळून शिकवलेलं.

पुढच्या कारखान्यात एक सिंह फार सुरेख होता. तो पुरा फ्रेममध्ये मावेना म्हणून मी एक पाऊल मागे गेले. मग अजून एक. कोपराला काहीतरी गार, मऊ लागलं.

वळून बघते तर देवीच्या उजवीकडच्या एका हाताची दोन बोटं जमिनीवर.

कान तापले. पेणचे काका असते तर पाठीत धपाटाच बसला असता. मी तोडक्यामोडक्या हिंदीत माफी मागायला लागले, पैसे देते म्हणाले (ही तर आणखीच लाज). कारागीर साठीचा असेल. त्याने बोटं उचलून पाहिली, बाजूला ठेवली आणि ‘होबे, होबे’ (होईल, होईल) म्हणत मला बाहेरच्या ओट्याकडे हात केला. ‘बोशुन.’ बसा.

घराच्या दाराबाहेरच्या या ओट्याला तिथे ‘रोक’ म्हणतात, आणि वस्तीला ‘पाडा’. आपल्याकडे पाडा म्हटलं की डोंगरातली दहा घरं डोळ्यांसमोर येतात, इथे भर शहरातला मोहल्ला. रोकवर दोन आजोबा एकाच पेपरची पानं वाटून वाचत बसले होते. सरकून त्यांनी जागा दिली. मातीच्या इवल्या भांड्यातला चहा आला, पैसे कुणी दिले ते शेवटपर्यंत कळलं नाही. कुणी काही विचारलंही नाही. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

तिथून आतलं दिसत होतं. बोटं वेगळी करून मग हाताला जोडतात. त्याने मातीची बारीक वळी वळली, दोन पेरांवर दाबली, टोक निमुळतं केलं, ओल्या फडक्याने सांधा पुसला. नखासाठी एक बांबूची काडी. तेवढ्यात शेजारचा कुणीतरी टोमणा मारून गेला, तर हा न बघताच म्हणाला, ‘दहा हात, पन्नास बोटं. दोन गेली तर काय झालं?’ हे मला एका आजोबांनी हिंदीत करून सांगितलं.

निघताना मी त्याला पेणचं सांगितलं. आमच्याकडेही सगळ्यात शेवटी डोळ्यांची आखणी होते, ती घरातला जाणता हातच करतो. तो खुलला. इथे ती महालयेच्या दिवशी, म्हणजे आपल्या सर्वपित्री अमावास्येला, तिला म्हणतात ‘चोक्खुदान’. मग त्याने विचारलं, तुमच्या गणपतीला हात किती?

‘चार.’

‘म्हणजे वीसच बोटं,’ तो म्हणाला. ‘आणि एक सोंड. तिकडे मागे सरकायला हरकत नाही.’