खणांच्या आतलं पॉलिश: बरण्या, लाख आणि नाक

चार खणांचं कपाट जुळवत आणलंय. बाहेरून काय लावायचं ते कधीच ठरलं होतं, घोडं अडलं ते खणांच्या आत. मागच्या कपाटाला मी आतबाहेर सरसकट जवसाचं उकळलेलं तेल, म्हणजे बेलतेल, फिरवलं होतं. बाहेरचा वास महिन्याभरात गेला. खण मात्र आठ महिन्यांनंतरही उघडला की खवट भपकारा यायचा. आतले रुमाल दोनदा धुतले, तरी वास कायम.

कारण तसं सरळ आहे, पण लावताना सुचलं नाही. जवसाचं किंवा टंगचं तेल काही उडून जाऊन वाळत नाही. हवेतला ऑक्सिजन घेऊन ते घट्ट होतं आणि त्या क्रियेत अल्डिहाइडसारखी वास मारणारी द्रव्यं सुटत राहतात. बंद खणात हवा खेळत नाही. म्हणजे वाळणंही रेंगाळतं आणि सुटलेला वासही तिथेच कोंडतो.

या वेळी म्हणून आधी बरण्या मांडल्या. त्याच सागाचे उरलेले पाच तुकडे घेतले: एक कोरा, एकाला बेलतेल, एकाला तेलातलं पॉलियुरेथेन (प्लास्टिकसारखा थर देणारं व्हार्निश), एकाला पाण्यातलं, एकाला चपडा लाख. आठवडाभर उघड्यावर वाळवले, मग झाकणं घट्ट लावून पाच दिवस ठेवले. हुंगायला घरातलं आणखी एक नाक बोलावलं आणि कुठल्या बरणीत काय ते सांगितलं नाही. बेलतेलाची बरणी उघडताच ते नाक मागे सरलं. तेलातल्या पॉलियुरेथेनचा वास कमी, पण ओळखू येण्याजोगा. पाण्यातल्याचा अगदी पुसट. लाखेची आणि कोऱ्या तुकड्याची बरणी मात्र त्याला वेगळी सांगता येईना.

लाख जिंकली यात नवल नाही. ती स्पिरिटमध्ये विरघळते, स्पिरिट उडून जातं आणि मागे नुसती राळ उरते. वाट बघायला लावणारी रासायनिक क्रियाच नाही. मी १०० मिली स्पिरिटला १२ ग्रॅम चपडा असं पातळच द्रावण केलं. खणात चकाकी कोणाला हवीय? दोन हात दिले, मध्ये ३२० नंबरचा पॉलिश पेपर हलकेच फिरवला, संपलं. एक सांगतो: कालवून ठेवलेली लाख जुनी झाली की नीट कडक होत नाही, चिकटच राहते. काचेवर थेंब टाकून बघा. दुसऱ्या दिवशी नख रुततंय? मग ओतून द्या, हळहळू नका.

गडबड झालीच. तिसऱ्या खणाला ऐन पावसात हात दिला आणि पृष्ठभागावर पांढुरकी झाक आली. स्पिरिट उडताना पृष्ठभाग थंड होतो आणि दमट हवेतलं पाणी लाखेत अडकतं, त्याचा हा परिणाम. कोरड्या दिवशी स्पिरिटने जेमतेम ओला केलेला बोळा भरभर फिरवला, झाक गेली. पण त्या आधीची रात्र मी खण रंधून काढायच्या विचारात घालवली होती.

चौथ्या खणात अत्तराच्या आणि औषधांच्या बाटल्या राहणार. लाखेला अल्कोहोल चालत नाही, अमोनियाही नाही. एक बाटली कलंडली की डाग पक्का. तिथे पाण्यातलं पॉलियुरेथेन दिलंय. पहिल्या हातानंतर लाकडाचे तंतू उभे राहिले, ते घासून बसवले आणि मग दुसरा हात दिला. वास पुरता जावा म्हणून खण तीन आठवडे बाहेर उघडा ठेवणार आहे.

जोडणीआधी आतल्या बाजू रंगवणं फार सोयीचं. कोपऱ्यात ब्रश कोंबावा लागत नाही. फक्त डव्हटेलच्या, म्हणजे कोपऱ्यात एकमेकांत अडकणाऱ्या सांध्याच्या, दातांवर आणि तळाच्या खाचेवर कागदी टेप लावा. लाख चढलेल्या लाकडाला पांढरा गोंद धरत नाही. पहिल्या खणाचा एक कोपरा असाच उकलला, मग मी तो तासणीने साफ करून पुन्हा चिकटवला.

खण ज्यावर सरकतो त्या कडांना काहीच लावलेलं नाही, नुसतं मेणबत्तीचं मेण घासलंय. तिथे पॉलिशचा थर दिला की दमट दिवसांत खण चिकटतो. बाहेरून बाजूंना मात्र आतल्यासारखाच एक हात दिला, म्हणजे दोन्हीकडून ओल सारखीच आतबाहेर होईल. तळ प्लायचा आहे, तो वाकायची धास्ती नाही, तरी खालूनही एक हात फिरवला.

खरं तर कोरा खणही वाईट नसतो. जुन्या फर्निचरचे कितीतरी खण आतून कोरेच असतात आणि टिकलेत. पण माझ्या हातून शाई सांडते, आणि कोऱ्या लाकडात मुरलेली शाई निघत नाही.

आज तीन खण बसवले. चौथा अजून खिडकीपाशी उघडा पडलाय. रोज सकाळी त्यात नाक घालतो.